एफसिंक बंद करू का? दूध संकलन केंद्रातल्या एका मशीनचा हिशोब

प्रश्न थोडक्यात असा: गावातल्या दूध संकलन केंद्रावर लिनक्सचं एक मशीन आहे. ८ जीबी रॅम, ७२०० आरपीएमची एकच साधी हार्डडिस्क, एक्स्ट४ फाइलसिस्टीम आणि त्यावर पोस्टग्रेस हा डेटाबेस. चारशे सभासद सकाळ-संध्याकाळ दूध घालतात. वजन झालं, फॅट लागली की नोंद होऊन पावती निघते; पण त्या पावतीला तीन-चार सेकंद लागतात आणि मागे रांग वाढते. जुन्या सॉफ्टवेअरमधल्या तीन वर्षांच्या नोंदी आणायला घेतल्या तर ते काम रात्रभर चाललं. कुणीतरी सुचवलं की पोस्टग्रेसचं एफसिंक (लिहिलेलं खरोखर डिस्कवर उतरल्याची खात्री) बंद करा आणि डिस्क नोबॅरियर लावून माउंट करा, सगळं पळायला लागेल. लाइट मात्र आठवड्यातून दोन-तीनदा जाते. करावं का?

दोन्ही करू नका. पण रांगेचा त्रास खरा आहे आणि तो कमी करता येतो, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

आधी आकडेमोड करू. ही डिस्क मिनिटाला ७२००, म्हणजे सेकंदाला १२० वेळा फिरते. एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची. प्रत्येक कमिटला, म्हणजे नोंद कायम करताना, पोस्टग्रेस आपल्या लॉगचा शेवटचा तुकडा खरोखर चकतीवर उतरला याची खात्री करून घेतं, आणि त्याला लागूनचा पुढचा तुकडा लिहायला ती जागा हेडखाली परत यावी लागते. म्हणून एकामागून एक केलेले कमिट अशा डिस्कवर सेकंदाला १२० च्या पुढे जात नाहीत. आता तुमची खिडकी बघा. दोन तासांत चारशे पावत्या म्हणजे अठरा सेकंदांना एक. एका पावतीला एक कमिट असेल तर एफसिंकचे आठ-दहा, फार तर तीस मिलिसेकंद जातील. रांगेतल्या माणसाला ते जाणवणारसुद्धा नाहीत. साडेतीन सेकंद निव्वळ एफसिंकमध्ये जायचे तर एका पावतीत चारशेच्या वर कमिट व्हायला हवेत.

तेव्हा वेळ कुठे जातोय ते आधी मोजा. पोस्टग्रेसमध्ये 'लॉग मिन ड्युरेशन स्टेटमेंट' ही सेटिंग २०० मिलिसेकंदांवर ठेवा. त्याहून जास्त वेळ घेणारी प्रत्येक क्वेरी संदेशांच्या लॉगमध्ये येईल (कमिटचा लॉग वेगळा). तीन वर्षांच्या नोंदी आत आल्या म्हणजे टेबलात पावणेनऊ लाख ओळी झाल्या, आणि सभासद क्रमांक व तारखेवर इंडेक्स नसेल तर पावतीवर छापायची 'चालू बिलाची बेरीज' दर वेळी सगळं टेबल वाचून काढते. माझा पहिला संशय तिथे आहे. लॉगमध्ये तसं काही दिसलं नाही तर पावती काढताना पोस्टग्रेसच्या त्या प्रोसेसवर एसट्रेस (प्रोग्रॅम कर्नलकडे काय मागतो ते दाखवणारं साधन) लावा आणि एफडेटासिंक, म्हणजे एफसिंकचाच एक प्रकार, किती वेळा झालं, प्रत्येकाला किती वेळ लागला ते बघा. एका पावतीला ते एक-दोनदा दिसलं तर एफसिंक निर्दोष आहे. शंभरदा दिसलं तर सॉफ्टवेअर प्रत्येक ओळ वेगळी कमिट करतंय. जेडीबीसी, पीडीओ यांसारख्या लायब्ररींमध्ये ऑटोकमिट (प्रत्येक आदेश आपोआप कमिट होणं) मुळातच चालू असतं. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने ट्रान्झॅक्शन स्वतः उघडली नाही तर हेच होतं.

रात्रभर चाललेल्या त्या कामाचं कोडं मात्र एफसिंकनेच सुटतं. चारशे सभासद, दिवसाला दोन वेळा, तीन वर्षं: ८,७६,००० नोंदी. एकेक कमिट ८.३ मिलिसेकंदांचा धरला तरी दोन तास. नोंद, खातं आणि साठा असे तीन वेगळे कमिट होत असतील तर सहा तास. यावर एफसिंक बंद करायची काहीच गरज नाही. हजार-हजार नोंदी एका ट्रान्झॅक्शनमध्ये बांधल्या की कमिट उरतात ८७६, आणि त्यांचा सगळा खर्च सात-आठ सेकंद. कॉपी कमांडने भरलं तर ओळी आत जाण्याचा वेळही बराच कमी होतो. मधेच लाइट गेली तर शेवटचा हजारांचा गठ्ठा पुन्हा घालायचा, कारण जुनं सॉफ्टवेअर अजून जागेवर आहे.

गठ्ठा बांधल्याने वेग आला आणि कमिटने दिलेला शब्दही मोडला नाही. पण प्रश्न तिथे संपत नाही, कारण 'एफसिंक बंद करा' हा सल्ला सगळीकडे फिरतो आणि लोक तो मानतात. त्याने नेमकं काय जातं ते नीट समजून घ्यायला हवं.

युनिक्समध्ये प्रोग्रॅमने राइट म्हटलं आणि कर्नलने 'झालं' म्हटलं, याचा अर्थ डेटा कर्नलच्या मेमरीत, पेज कॅशमध्ये पोचला. एवढाच. लिनक्स ती 'डर्टी' (अजून डिस्कवर न उतरलेली) पानं सवडीने डिस्कवर नेतं. नेहमीच्या सेटिंगमध्ये ते काम करणारा धागा दर ५ सेकंदांनी जागा होतो आणि ३० सेकंदांहून जुनी झालेली पानं उचलतो. म्हणजे कुणी मागे लागलं नाही तर तुमची नोंद अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ नुसती रॅममध्ये असू शकते. त्यापुढे डिस्कची स्वतःची कॅश असते. डिस्कही 'लिहिलं' म्हणते आणि खरं नंतर लिहिते. एफसिंक म्हणजे या सगळ्या पायऱ्या उतरून खाली जा, चकतीवर उतरल्याची खात्री कर आणि मगच परत ये, असा हुकूम. बॅरियर चालू असतं तेव्हा हा हुकूम डिस्कच्या कॅशपर्यंत पोचतो. नोबॅरियर लावलं की तो डिस्कच्या दारातून मागे फिरतो. एक्सएफएस या दुसऱ्या फाइलसिस्टीममधून तो पर्याय कर्नल ४.१९ मध्ये काढूनच टाकला आहे. एक्स्ट४ मध्ये तो अजून आहे आणि म्हणूनच जुने सल्ले अजून चालतात.

लाइट जाते तेव्हा नुकसान दोन जातींचं होतं, आणि सगळा निर्णय या फरकावर उभा आहे. पहिल्या जातीत शेवटचे काही क्षण जातात. ६ वाजून ४० मिनिटं १० सेकंदांपर्यंतच्या नोंदी शाबूत, पुढच्या गेल्या. वाईट आहे, पण समजण्यासारखं आहे. पावत्यांच्या स्थळप्रती बघून पुन्हा घालता येतं. दुसऱ्या जातीत क्रम मोडतो. पोस्टग्रेसचा सगळा भरवसा एका नियमावर आहे: आधी लॉग लिहायचा, तो खाली उतरल्यावरच मूळ टेबलाची पानं बदलायची. मशीन कोसळलं तर उठल्यावर लॉग वाचून टेबल दुरुस्त होतं. एफसिंक बंद केलं की कर्नल आणि डिस्क आपल्या सोयीने लिहितात. टेबलाचं नवं पान आधी उतरतं, लॉग मागे राहतो. इंडेक्सचं एक पान नवं, शेजारचं जुनं. पोस्टग्रेसचं पान ८ केबीचं आणि कर्नलचं ४ केबीचं, त्यामुळे एकाच पानाचा वरचा अर्धा आजचा आणि खालचा अर्धा कालचा असंही होतं. एरवी अशा फाटक्या पानाची दुरुस्ती लॉगमध्ये ठेवलेल्या पूर्ण प्रतीवरून होते. पण तो लॉगच मागे राहिला असेल तर दुरुस्ती कशावरून करणार?

याचं सगळ्यात भीतीदायक रूप म्हणजे डेटाबेस चालू होतो. चालू झालाच नाही तर निदान कळतं तरी. काही वर्षांपूर्वी एका पतसंस्थेचं मशीन माझ्याकडे आलं. कुणीतरी वेगासाठी एफसिंक बंद केलं होतं, लाइट गेली होती, आणि त्यानंतर तीन आठवडे कामकाज अगदी सुरळीत चालू होतं. मग एका खातेदाराची शिल्लक एका स्क्रीनवर एक आणि दुसऱ्या स्क्रीनवर वेगळी दिसायला लागली, कारण एक क्वेरी इंडेक्समधून जात होती आणि दुसरी थेट टेबल वाचत होती. रोजचा बॅकअप एका खराब पानापाशी येऊन अर्धवट थांबत होता, आणि स्क्रिप्ट ती चूक बघत नव्हती. बॅकअप सात दिवसांचेच ठेवलेले होते, तेव्हा चांगला एकही उरला नव्हता. कागदी व्हाउचरवरून खाती उभी करायला चार माणसांना नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत रोज काउंटरवर येऊन आपली पुस्तिका पुढे करणारी माणसं मी पाहिली आहेत. म्हणून या विषयावर मी इतक्या ठामपणे बोलते.

मग पैशाच्या नोंदींवर वेग कधीच घ्यायचा नाही का? घ्यायचा, पण पहिल्या जातीचं नुकसान पत्करून, दुसऱ्या जातीचं कधीच नाही. पोस्टग्रेसमध्ये 'सिंक्रोनस कमिट' ही वेगळी सेटिंग आहे. ती बंद केली तर कमिट लगेच परत येतो आणि लॉग थोड्या वेळाने उतरतो. लाइट गेली तर नेहमीच्या सेटिंगमध्ये जास्तीत जास्त ६०० मिलिसेकंदांचे कमिट जातात, पण क्रम अबाधित राहतो, डेटाबेस बिघडत नाही. शिवाय ती एकेका ट्रान्झॅक्शनपुरती 'सेट लोकल' म्हणून बंद करता येते. मायएसक्यूएलमध्ये इनोडीबीचा लॉग फ्लश करण्याची सेटिंग १ वरून २ केली की साधारण हेच होतं. तिथे मशीन कोसळल्यास सेकंदभराचे कमिट जाऊ शकतात. एसक्यूलाइट वॅल मोडमध्ये असेल तर सिंक्रोनस 'नॉर्मल' ठेवल्यावरही फाइल शाबूत राहते, शेवटचे काही कमिट मात्र जाऊ शकतात.

मी सीमारेषा अशी आखते: बाहेरच्या माणसाला शब्द देऊन झाला आहे का? सभासदाच्या हातात पावती पडली, तो दूध ओतून घरी गेला, म्हणजे शब्द दिला. ती नोंद पावती छापायच्या आधी चकतीवर असलीच पाहिजे, तिथे सिंक्रोनस कमिट चालू. फॅट मशीनचा कच्चा लॉग, पाठवायच्या एसएमएसची यादी, कोण कधी लॉगिन झालं याची नोंद, यांतला अर्धा सेकंद गेला तर कुणाचं काही अडत नाही, तिथे बंद. बिल काढताना लागणारी तात्पुरती टेबलं तर 'अनलॉग्ड' करा, त्यांचा लॉगच लिहिला जात नाही. मशीन कोसळल्यावर ती रिकामी होतात आणि पुन्हा काढता येतात. आणि सॉफ्टवेअरवाल्यांना एक गोष्ट नक्की विचारा: छपाई कमिटच्या आधी होते की नंतर? आधी होत असेल तर जगातली सगळ्यात महागडी डिस्क लावूनही उपयोग नाही.

एफसिंक बंद करायला योग्य जागा एकच: ज्याच्यावर अजून काहीच अवलंबून नाही असा, पुसून पुन्हा सुरुवात करता येईल असा डेटाबेस. भरणं झालं की सेटिंग चालू करायची, 'इनिटडीबी'ला सिंक-ओन्ली पर्याय देऊन किंवा सिंक कमांडने सगळं खाली उतरवायचं आणि मगच कामाला लावायचं. तुमच्या पावणेनऊ लाख ओळींसाठी याचीही गरज नाही.

एफसिंकवर तरी डोळे मिटून विश्वास ठेवावा का, हाही प्रश्न रास्त आहे. २०१८ मध्ये क्रेग रिंगर यांनी पोस्टग्रेसच्या विकासकांपुढे एक अडचण मांडली. डिस्कवर लिहिताना चूक झाली की लिनक्स एफसिंकमधून ती एकदा कळवत असे आणि ते पान 'स्वच्छ' म्हणून खूण करून टाकत असे. पोस्टग्रेसने पुन्हा एफसिंक केलं की उत्तर 'ठीक' येई, आणि डेटा तर गेलेला. त्यानंतर फेब्रुवारी २०१९ च्या आवृत्त्यांपासून पोस्टग्रेस एफसिंकची चूक आली की सरळ बंद पडतं आणि लॉगवरून स्वतःला पुन्हा उभं करतं. तुमची आवृत्ती त्याआधीची असेल तर हे अपडेट बाकी सगळ्याच्या आधी करा.

फाइलसिस्टीमच्या बाकीच्या कळांबद्दल पटकन सांगते. एक्स्ट४ चं 'ऑर्डर्ड' मोड आहे तसंच राहू द्या. 'राइटबॅक' केल्याने मिळणारा वेग किरकोळ असतो आणि कोसळल्यानंतर फाइलमध्ये जुना कचरा दिसू शकतो. एक्स्ट४ च्या स्वतःच्या कमिटचा अवधी ५ वरून ६० सेकंद केला तरी ज्यावर एफसिंक होतं त्याला धक्का लागत नाही, पण बाकी फाइलींचं नुकसान वाढतं. तुम्हाला त्यातून काही मिळणार नाही. नोएटाइम (फाइल वाचल्याची वेळ न नोंदवणं) लावायला हरकत नाही. फ्रीबीएसडीवर असाल तर यूएफएसचे सॉफ्ट अपडेट्स क्रम सांभाळतात, असिंक माउंट सांभाळत नाही. झेडएफएसवर सिंक 'डिसेबल्ड' केल्याने पूल बिघडत नाही, पण शेवटच्या काही सेकंदांच्या कबूल केलेल्या नोंदी मात्र जातात. आणि मॅकवर नुसतं एफसिंक डिस्कची कॅश खाली करत नाही, त्यासाठी 'एफ फुलएफसिंक' मागावं लागतं. सॉफ्टवेअर मॅकवर तपासून 'किती वेगवान आहे' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

तुमच्या सॉफ्टवेअरची काही माहिती साध्या फाइलीत असेल, म्हणजे दरपत्रक किंवा पुढचा पावती क्रमांक, तर तीही बघा. जुनी फाइल उघडून तिच्यावरच लिहिणं धोक्याचं. शेजारी नवी फाइल लिहा, तिच्यावर एफसिंक करा, मग तिला जुन्या नावावर रिनेम करा आणि शेवटी त्या फोल्डरवरही एफसिंक करा. २००९ मध्ये एक्स्ट४ नवीन होतं तेव्हा उबंटूच्या ९.०४ च्या चाचणी आवृत्तीत मशीन कोसळल्यावर सेटिंगच्या फाइली शून्य बाइटच्या होऊन बसल्या होत्या, कारण प्रोग्रॅम मधलं एफसिंक गाळत होते आणि एक्स्ट४ जागा नेमून देणं लांबणीवर टाकत होतं. थिओडोर त्सो यांनी कर्नल २.६.३० मध्ये त्यावर तोडगा घातला, तरी त्याच्या भरवशावर राहू नये.

पेनड्राइव्हवरचा बॅकअप हा याच गोष्टीचा धाकटा भाऊ. कॉपी 'झाली' असं दिसतं तेव्हा बराचसा डेटा रॅममध्येच असतो. लिनक्स उपलब्ध मेमरीच्या २० टक्क्यांपर्यंत डर्टी पानं साठू देतं. तुमच्या मशीनवर ती सहज एक जीबीच्या वर जाईल, आणि सेकंदाला १० एमबी लिहिणाऱ्या पेनड्राइव्हला एक जीबी उतरवायला दीड-पावणेदोन मिनिटं लागतात. घाईत पेनड्राइव्ह उपसला तर बॅकअप अर्धा. अनमाउंट करा, कमांड परत येईपर्यंत थांबा, पुन्हा लावून फाइल उघडते का बघा.

यूपीएस जरूर घ्या, आणि त्याची यूएसबी वायर मशीनला जोडून 'नेटवर्क यूपीएस टूल्स' बसवा, म्हणजे बॅटरी संपत आली की मशीन स्वतः नीट बंद होईल. पण यूपीएस आहे म्हणून एफसिंक बंद, असं करू नका. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत दमते, मशीनचा पॉवर सप्लाय जळतो, कर्नल अडकतो, कुणाचा तरी पाय वायरीत अडकतो. खर्च करायचाच असेल तर पॉवर गेल्यावर कॅश उतरवण्यापुरता कॅपॅसिटर असलेली एसएसडी घ्या. त्या डिस्कला एफसिंकचं उत्तर प्रामाणिकपणे मिलिसेकंदाच्या छोट्या अंशात देता येतं, कारण तिची कॅश लाइट जाण्याला घाबरत नाही. साध्या एसएसडीत तो कॅपॅसिटर नसतो. खोक्यावरचा एमबी-प्रति-सेकंदाचा आकडा याबद्दल काहीच सांगत नाही. विकत घेताना 'पॉवर लॉस प्रोटेक्शन' आहे का ते विचारा.

सगळं जागेवर बसल्यावर दोन चाचण्या करा. पोस्टग्रेससोबत 'पीजी टेस्ट एफसिंक' नावाचं साधन येतं, ते डेटा असलेल्या डिस्कवर चालवा. तुमच्या आत्ताच्या हार्डडिस्कवर सेकंदाला १२० च्या आत आकडा आला तर डिस्क खरं बोलतेय. दोन-तीन हजार आला तर कुठेतरी एक पायरी 'झालं' म्हणून खोटं सांगतेय. तेव्हा बॅरियर चालू आहे का बघा, आणि तरीही आकडा तोच राहिला तर एचडीपार्म या कमांडने डिस्कची राइट कॅश बंद करा.

दुसरी चाचणी खऱ्या डेटावर करू नका, त्याच मॉडेलच्या रिकाम्या डिस्कवर करा. एका छोट्या स्क्रिप्टने क्रमांक वाढवत नोंदी घाला, आणि प्रत्येक कमिट परत आला की तो क्रमांक नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनच्या स्क्रीनवर छापा. दोन मिनिटांनी पहिल्या मशीनची वायर भिंतीतून उपसा. बटण दाबून बंद करू नका, वायरच काढा. मशीन परत चालू करा आणि स्क्रीनवर दिसलेला शेवटचा क्रमांक टेबलात आहे का ते शोधा. असं दहा-पंधरा वेळा करा, कधी गठ्ठा भरत असताना, कधी शांत असताना. टेबलात स्क्रीनपेक्षा एखादा क्रमांक जास्त सापडला तर चालेल, तो कमिट झाला होता आणि निरोप वाटेत होता. स्क्रीनवर दिसलेला एक जरी क्रमांक टेबलात नसेल, तर ती डिस्क केंद्रावर लावू नका.